गेमिंग लॅपटॉप घ्यावा की साधा? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की हे प्रश्न यायला लागतात आणि चवथीच्या बाजारापर्यंत येतच राहतात. अनेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली असते. ती इथे एकदाच घेतली आहे, आणि एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेमिंग लॅपटॉप आणि साधा लॅपटॉप यांत नेमका फरक काय? रॅम तर दोन्हींवर १६ जीबीच लिहिलेली दिसते.

दोघांचा खरा फरक ते किती वीज खातात यात आहे. साध्या लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ ते २८ वॉटवर चालतो. पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम त्याच्याच पोटातली ग्राफिक्स चिप करते. तिला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच वाटा घेते. गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर ४५ वॉट किंवा त्याहून जास्त घेतो. शिवाय त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, त्याची स्वतःची ४, ६ किंवा ८ जीबी मेमरी असते, आणि ते कार्ड एकटंच ५० ते १४० वॉट खाऊ शकतं.

बाकीचे सगळे गुणदोष यातून येतात. एवढी उष्णता बाहेर काढायला दोन पंखे आणि तांब्याच्या जाड नळ्या लागतात, म्हणून वजन सव्वादोन-अडीच किलोवर जातं. चार्जर १५० ते २८० वॉटचा, विटेएवढा आणि अर्ध्या किलोच्या पुढचा असतो. साधा लॅपटॉप दीड किलोच्या आसपास असतो आणि त्याचा ४५ किंवा ६५ वॉटचा चार्जर खिशात मावतो.

२. सगळं वाचायला वेळ नाही. कुठला घ्यायचा ते कसं ठरवू?

पुढच्या तीन-चार वर्षांत या लॅपटॉपवर चालणारं सगळ्यांत जड सॉफ्टवेअर कुठलं, ते नाव कागदावर लिहा. ते ब्राउझर, ऑफिस, टॅली, कोडिंग, फोटो सुधारणं किंवा ऑनलाइन वर्ग यांपैकी असेल, तर १६ जीबी रॅमचा चांगला साधा लॅपटॉप घ्या. ते लुमियन-ब्लेंडरसारखं त्रिमितीय चित्रांचं, दाविंची रिझॉल्व्हसारखं व्हिडिओचं सॉफ्टवेअर किंवा नवे मोठे गेम असतील, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. नावच सुचत नसेल तर साधाच घ्या.

‘पुढे कधी लागलाच तर असावा’ म्हणून गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्याला त्याचं वजन, आवाज आणि दोन-तीन तासांची बॅटरी मात्र पहिल्या दिवसापासून सोसावी लागते. वापरात न आलेलं ग्राफिक्स कार्ड चार वर्षांनी जुनं झालेलं असतं.

३. साध्या लॅपटॉपमध्ये कमीत कमी काय असायला हवं?

रॅम १६ जीबी. ८ जीबीचा घ्यायचा असेल तर रॅमची एक जागा रिकामी आहे किंवा आतली पट्टी बदलता येते, याची दुकानात खात्री करून घ्या. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच डाखलेली (सोल्डर केलेली) असते आणि ती पुढे कधीच वाढवता येत नाही. साठवणीला ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी हवी. ‘ईएमएमसी’ असं लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप बाजूला ठेवा. ती साठवण मोबाइलच्या जातीची, मंद, आणि सहसा बोर्डावर डाखलेली असते.

प्रोसेसर इंटेलचा १२व्या पिढीचा किंवा नंतरचा आय३-आय५, नाहीतर एएमडीचा रायझन ५ (आकडे कसे वाचायचे ते प्रश्न ४ मध्ये). इंटेलचेच सेलेरॉन आणि एन१०० हे हलके प्रोसेसर घरी बिलं भरायला आणि व्हिडिओ बघायला पुरतात, कॉलेजच्या चार वर्षांना नाही. पडदा आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा), फुल एचडी आणि जमल्यास ३०० निट्सचा पाहा; निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. गोव्यात व्हरांड्यात बसून काम करणारे पुष्कळ आहेत, आणि २५० निट्सच्या पडद्यावर दिवसा उजेडात स्वतःचंच तोंड जास्त दिसतं. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा मिळाला तर तोच घ्या. चार्जर बिघडला तरी ६५ वॉटचा कुठलाही चांगला पीडी (टाइप-सीवरून जास्त वीज देणारा) चार्जर चालतो.

४. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांच्या आकड्यांत दहाचाच फरक आहे. स्वस्त तो घेतला तर काय बिघडलं?

बरंच. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा चिपची पिढी सांगतो, आणि या पिढ्यांना ‘झेन’ म्हणतात. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, आणि त्यात चार कोअर. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, आणि त्यात सहा कोअर. ७६४०एचएस मध्ये ४, म्हणजे झेन ४. पहिला ७ पाहून सगळे एकाच वर्षाचे वाटतात, पण ७५२०यू चा गाभा २०१९ सालचा आहे. त्याची रॅमही डाखलेलीच येते, म्हणजे ८ जीबीचा घेतलात तर ८ जीबीवरच राहाल.

शेवटचं अक्षरही वाचा. यू म्हणजे कमी विजेचा, एच आणि एचएस म्हणजे जास्त ताकदीचा, एचएक्स म्हणजे सगळ्यांत भुकेला. इंटेलने अलीकडे नावातला ‘आय’ काढून ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ अशी नावं दिली आहेत. कोअर ५ १२०यू नवा दिसतो, पण तो आधीच्याच पिढीचा सुधारलेला अवतार आहे. वाईट नाही, फक्त ‘नवीन’ म्हणून जादा पैसे देऊ नका.

५. मुलीला फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. सगळे म्हणतात गेमिंग लॅपटॉपच लागतो. खरं का?

शाखेवर अवलंबून आहे, आणि पहिल्या वर्षी कुठल्याच शाखेला लागत नाही.

कॉम्प्युटर आणि आयटीला रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड नाही. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर एकदम उघडले की ८ जीबी रॅम संपते, १६ जीबीत काम नीट होतं. मशीन लर्निंगचे अभ्यासक्रमातले प्रयोग गुगल कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर चालतात. तोच विषय पुढे प्रोजेक्टला घ्यायचा पक्का असेल तर एनव्हिडियाचं कार्ड कामाला येतं, कारण ही बरीचशी सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीवर उभी आहेत.

सिव्हिलला ऑटोकॅडची द्विमितीय रेखाटनं साध्या लॅपटॉपवर चालतात. रेव्हिट (इमारतींचं त्रिमितीय सॉफ्टवेअर) शिकायचं असेल तर १६ जीबी रॅम आणि एच वर्गातला प्रोसेसर पाहा. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्समधले सुटे भाग आणि छोटी जुळणी साध्यावर होते. शेकडो भागांची जुळणी फिरवायची झाली की वेगळं कार्ड हवंसं वाटतं, आणि तो प्रसंग बहुतेकांवर तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो. अॅन्सिससारखं विश्लेषण आधी प्रोसेसर आणि रॅम मागतं. इलेक्ट्रॉनिक्सला मॅटलॅब आणि सर्किटचं सिम्युलेशन साध्यावर चालतं.

घाई नसेल तर पहिलं सत्र घरातल्या लॅपटॉपवर काढा आणि वरच्या वर्गातल्या मुलांना त्यांचं सॉफ्टवेअर विचारा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जी यंत्रं आहेत त्यांच्यावर काय चालतं, तेही पाहायला सांगा.

६. आल्तिनोच्या आर्किटेक्चर किंवा आर्ट कॉलेजसाठी?

आर्किटेक्चरला मात्र गेमिंग लॅपटॉप घ्या, कचरू नका. स्केचअप साध्यावर उघडतं, पण लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, डी५ ही रेंडर करणारी, म्हणजे आराखड्यावरून खरं वाटणारं चित्र बनवणारी सॉफ्टवेअर थेट ग्राफिक्स कार्डावरच चालतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री रेंडर अडकला तर मार्ग उरत नाही. कार्डाची मेमरी ८ जीबी पाहा. झाडं, गवत, माणसं भरलेल्या दृश्याला ६ जीबी अपुरी पडते आणि सॉफ्टवेअर मंद होतं किंवा बंद पडतं. रॅम १६ जीबीने सुरुवात करा, पण ३२ पर्यंत वाढवता यायला हवी.

आर्ट आणि डिझाइनच्या मुलांनी ताकदीआधी पडदा पाहावा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा पडदा १४४ हर्ट्झचा असतो, पण माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो त्याची मापं. त्यात नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम ६०-६५ टक्केच दिसतात. लाल रंग विटकरी दिसतो आणि छापून आलेलं पोस्टर भलतंच निघतं. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द शोधा.

७. लग्नाचे व्हिडिओ आणि रील्स एडिट करतो. काय लागेल?

फुल एचडी आणि मोबाइलचे रील्स असतील तर इंटेलचा आय५ असलेला, १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. इंटेलच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्याची वेगळी सोय असते आणि प्रीमिअर ती वापरतं. फोरके, दोन-तीन कॅमेरे एकत्र आणि रंगांचं काम असेल, विशेषतः दाविंची रिझॉल्व्हवर, तर ८ जीबीचं कार्ड घ्या. जुन्या यंत्रावर अडलंच तर आधी हलक्या प्रॉक्सी फाइल (मूळ व्हिडिओच्या लहान नकला) करून त्यावर कापाकापी करा आणि शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलींवरून काढा.

८. मुलगा फक्त व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. त्यासाठी गेमिंग लॅपटॉप घेऊन द्यावा का?

या दोन गेमसाठी गरज नाही. अलीकडच्या रायझन किंवा इंटेल चिपमधल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट चांगलं चालतं, जीटीए ५ कमी सेटिंगवर चालतं. एकच अट: रॅम दोन पट्ट्यांची असावी. पोटातली ग्राफिक्स चिप रॅमवरच जगते. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर तिला निम्माच रस्ता मिळतो, आणि गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. ८-८ च्या दोन घ्या.

विंडोज ११ वर व्हॅलोरंटला बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात. गेम उघडत नसेल तर लॅपटॉप बिघडला असं समजण्याआधी हे तपासा.

९. दोन लॅपटॉपांत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हेच ग्राफिक्स कार्ड आहे, तरी एक वीस हजारांनी महाग. दुकानदार फसवतोय का?

फसवत असेलच असं नाही. एकाच नावाचं कार्ड निर्माता वेगवेगळ्या वीजमर्यादेवर बसवतो, आणि लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० ची मर्यादा ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही असू शकते. या आकड्याला टीजीपी म्हणतात. कमी वॉटचं ४०५० बऱ्याचदा जास्त वॉटच्या जुन्या कार्डाच्या बरोबरीने चालतं. खोक्यावर हा आकडा नसतो, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशीलवार माहितीपत्रकात असतो. दुकानात चालू लॅपटॉप समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, खाली डावीकडे ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ आहे, त्यात ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ वाचा.

किंमत वाढवणाऱ्या आणखी गोष्टी: १०० टक्के एसआरजीबी पडदा, मोठी बॅटरी, आणि मक्स स्विच. मक्स नसेल तर कार्डाने केलेलं चित्र आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडून फिरून पडद्यावर येतं आणि थोडा वेग वाया जातो. आम्ही तरी ९० वॉटच्या वरचं ४०५०, कमी वॉटच्या ४०६० पेक्षा स्वस्त मिळत असेल तर तेच घ्यायला सांगतो. अपवाद आर्किटेक्चरचा, कारण तिथे ४०६० ची ८ जीबी मेमरी ४०५० च्या ६ जीबीपेक्षा मोलाची ठरते (प्रश्न ६).

१०. ४ जीबीचं आरटीएक्स २०५० किंवा ३०५० असलेला स्वस्त गेमिंग लॅपटॉप हा मधला मार्ग होईल ना?

होत नाही. वजन, उष्णता आणि आवाज गेमिंग लॅपटॉपचा मिळतो, आणि ४ जीबी मेमरीमुळे नवे गेम आणि रेंडरिंग दोन्ही अडखळतात. अगदी कमी किमतीत मिळाला आणि जुनेच गेम खेळायचे असतील तरच विचार करा. बरे मधले मार्ग दोन आहेत. पहिला, वेगळं कार्ड नसलेला पण एच वर्गातल्या प्रोसेसरचा, उदाहरणार्थ आय५-१३४२०एच, दीड-पावणेदोन किलोचा लॅपटॉप. कोडिंग, ऑटोकॅड आणि साधं एडिटिंग यावर होतं. दुसरा, कॉलेजला न्यायला हलका साधा लॅपटॉप आणि घरी डेस्कटॉप. डेस्कटॉपमध्ये तेवढ्याच पैशांत जास्त ताकदीचं कार्ड बसतं, ते गार राहतं आणि पुढे बदलता येतं. होस्टेलवर राहणाऱ्याला हा दुसरा मार्ग बंद आहे.

११. रोज म्हापशाहून ताळगावला विद्यापीठात बसने जायचं. गेमिंग लॅपटॉप नेता येईल?

नेता येतो, पण चार्जरसह तीन किलोच्या वर वजन पाठीवर येतं, आणि सकाळी गर्दीच्या बसमध्ये उभ्याने प्रवास असतो. बॅगेत पडद्याच्या बाजूला वह्यांचा दाब आला की पडद्यावर पांढरे डाग पडतात. वॉरंटीत ते धरत नाहीत.

बॅटरीचं म्हणाल तर गेमिंग लॅपटॉपवर वर्गात नोट्स काढताना दोन ते चार तास मिळतात, गेम खेळताना तासभर. लॅपटॉप ‘हायब्रिड’ किंवा ‘ऑप्टिमस’ मोडवर (कार्ड गरजेपुरतंच चालू होतं असा मोड) असला तरच एवढे तास मिळतात. मक्सने कार्ड सतत चालू ठेवलं असेल तर साध्या टायपिंगलाही बॅटरी लवकर संपते. पडदा ६० हर्ट्झवर आणला की आणखी थोडी वाचते. बॅटरीवर चालताना ग्राफिक्स कार्ड स्वतःहूनच मंद चालतं, चार्जर जोडल्याशिवाय पुरी ताकद देत नाही. विद्यापीठात जड काम नसेल तर साधाच घ्या, तो सहा-सात तास चालतो.

१२. पावसात आमच्याकडे वीज सारखी जाते. इन्व्हर्टरवर गेमिंग लॅपटॉप चालेल का?

चालतो, पण बॅटरी किती लवकर उतरते ते पाहा. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. घट आणि बॅटरी पुरी उतरू न देण्याची काळजी धरली तर हाताशी साधारण १,१०० राहतात. एक पंखा, दोन दिवे आणि साधा लॅपटॉप मिळून सव्वाशे वॉट लागतात, म्हणजे आठ-नऊ तास. त्याच पंख्या-दिव्यांसोबत जड कामात दोनशे वॉट ओढणारा गेमिंग लॅपटॉप लावला तर पावणेचार तासांच्या आसपास सगळं बंद. सत्तरी-काणकोणच्या गावांत जोराच्या पावसात झाड तारांवर पडलं की वीज कितीतरी तास येत नाही, तेव्हा हा हिशेब कळतो.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोठे चार्जर गुणगुणतात, जास्त तापतात आणि काही वेळा चालूच होत नाहीत, कारण मोठ्या चार्जरांत वीज व्होल्टेजच्या लाटेशी जुळवून ओढणारं एक सर्किट असतं, त्याला तो चौकोनी प्रवाह मानवत नाही. ६५ वॉटच्या चार्जरात बहुधा ते सर्किट नसतं, म्हणून तो तिथेही निभावतो.

एप्रिल-मेच्या संध्याकाळी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की चार्जरचा प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. राउटरहून येणारी लॅनची वायरही काढा. वीज त्या वाटेनेही आत शिरते. स्पाइक गार्डमधला रोधक दर धक्क्याला थोडा झिजतो, तेव्हा त्याचा सूचक दिवा बंद पडला तर गार्ड बदला.

१३. लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. नवीनच आहे. बदलून मागू?

आधी घराचं अर्थिंग तपासा. चार्जरमधले गाळणीचे कपॅसिटर अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या बाजूला सोडतात. तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मग तो प्रवाह धातूच्या झाकणावर राहतो आणि अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून हात लावला की जाणवतो. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थ यांत मीटर लावायला सांगा. जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्थ नसेल तर घालून घ्या, तो खर्च लॅपटॉपपुरता नाही, घरातल्या माणसांसाठी आहे. दोन पिनांच्या छोट्या चार्जरला मात्र किंचित झिणझिणी येणारच, ती धोक्याची नव्हे. झटका बसतो असं वाटलं तर तो चार्जर त्याच क्षणी बंद करा.

काही २३० वॉटच्या चार्जरांना १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग येतो. तिसरी पिन कापू नका. चार्जर एक-सव्वा अँपिअरच ओढतो, त्यामुळे चांगल्या प्रतीचा कन्व्हर्जन प्लग लावून तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. ढिला सॉकेट मात्र तापतो आणि काळा पडतो.

१४. आम्ही कळंगुटला किनाऱ्याजवळ राहतो. खाऱ्या हवेने लॅपटॉप खराब होतो म्हणतात. कुठला जास्त टिकेल?

पंखा जितकी हवा ओढतो तितकं मीठ आत येतं. गेमिंग लॅपटॉपचे दोन पंखे पुऱ्या वेगाने चालतात तेव्हा साध्याच्या कितीतरी पट हवा बोर्डावरून जाते. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि ओलं मीठ तांब्याला आणि जोडांना खातं. आधी यूएसबी पोर्ट हिरवट होतात, मग बिजागरीचे स्क्रू गंजतात, शेवटी बोर्डावर हिरवे-पांढरे डाग दिसतात. सर्व्हिस सेंटरने त्याला ‘करोजन’ म्हटलं की वॉरंटी सहसा नाकारली जाते. म्हणून कळंगुट, कोलवा, हरमल, पाळोळे अशा ठिकाणी राहणाऱ्याचं काम साध्यावर भागत असेल तर त्याने साधाच घ्यावा. पंखाच नसलेला मॅकबुक एअरही या बाबतीत चांगला (प्रश्न २०).

गेमिंग लॅपटॉप हवाच असेल तर तो समुद्राकडच्या खिडकीजवळ ठेवू नका. शॅकवर बसून गेम खेळणं टाळा. पावसाळ्यात रोज निदान तासभर चालू ठेवा, त्याच्याच उष्णतेने ओल उडते. चार दिवस वापरायचा नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा, बॅटरी निम्मी भरून. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. तांदळात ठेवू नका, तांदळाची पूड पंख्यात जाते. एसी गाडीतून दमट घरात आणलेला गार लॅपटॉप लगेच चालू करू नका, आतल्या धातूवर दव धरतं. बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या.

१५. गेम खेळताना ९० अंश दाखवतो. पंखा विमानासारखा ओरडतो. बिघाड आहे का?

प्रोसेसरला काही क्षण ९०-९५ अंश होणं गेमिंग लॅपटॉपमध्ये नेहमीचं आहे. तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. चिंता तेव्हा करा, जेव्हा पूर्वी नीट चालणारा तोच गेम दहा मिनिटांनी अडखळू लागतो. बहुधा धूळ असते. डिचोली, सांगे, सत्तरी भागातली तांबडी माती बारीक असते, दमट हवेत ती पंख्यामागच्या जाळीवर चिखलासारखी बसते.

वर्षातून दोनदा सफाई करा: पावसाआधी मेअखेरीस आणि दिवाळीनंतर. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा, बॅटरीची जोडणी सोडवा, मग ब्लोअर मारा. पंख्याच्या पात्यात लाकडी काडी अडकवा आणि तो फिरू देऊ नका, हवेच्या जोराने बेफाम फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलून घ्या. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, ते कंपनीप्रमाणे बदलतं, आधी विचारा. रोजचे उपाय सोपे आहेत: मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, गादीवर ठेवू नका, आणि गेममध्ये फ्रेम (दर सेकंदाची चित्रं) ६० वर बांधा. ही शेवटची सूचना लोक मनावर घेत नाहीत, पण आवाज आणि उष्णता यानेच सगळ्यांत जास्त उतरते.

१६. गोव्यात कर कमी असतो, मग लॅपटॉप इथे स्वस्त मिळतो का?

नाही. पेट्रोलवरचा व्हॅट आणि दारूवरचा कर राज्य ठरवतं. लॅपटॉपवर जीएसटी लागतो, तो १८ टक्के, पणजीत तेवढाच आणि बेळगावातही तेवढाच. धंद्यासाठी घेत असाल आणि तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल तर बिलावर तुमचा क्रमांक घालून घ्या, इनपुट क्रेडिट मिळू शकतं.

१७. भाऊ गल्फमध्ये आहे, मेहुणे जहाजावर आहेत. त्यांच्याकडून मागवला तर?

चार गोष्टी आधी विचारा. पहिली वॉरंटी: त्याच मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. अनेक गेमिंग मॉडेलांची वॉरंटी विकल्या देशापुरतीच असते. दुसरी कीबोर्ड: गल्फमधल्या लॅपटॉपवर अरबी अक्षरं असतात, पोर्तुगालहून आणलेल्यावर कळांची जागाच वेगळी असते. तिसरी प्लग: तिथल्या चौकोनी पिनांसाठी सैल अॅडॉप्टर वापरू नका, चार्जरला लागणारी आपल्याकडची तीन पिनांची वायरच विकत घ्या. चौथी कस्टम्स: १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्क न भरता आणता येतो, पण ती सवलत विमानाच्या किंवा जहाजाच्या कर्मचाऱ्यांना नाही. मेहुण्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

साध्या लॅपटॉपच्या बाबतीत एवढा खटाटोप करण्याइतके पैसे वाचत नाहीत.

१८. ऑनलाइन घेऊ की मडगाव-पणजीच्या दुकानातून?

भाव सारखा असेल तर दुकानातून, कारण पडदा आणि कीबोर्ड डोळ्यांनी पाहता येतात. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडताना एकसंध व्हिडिओ काढा. कुठूनही घ्या, वॉरंटी ‘ऑनसाइट’ (माणूस घरी येतो) आहे की ‘कॅरी-इन’ (लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्यायचा) ते पाहा. ऑनसाइट असेल तर तुमच्या पिनकोडला माणूस येतो का, हे कंपनीला फोन करून विचारा, दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. गेमिंग लॅपटॉपला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची वाढीव वॉरंटी घ्यावी. या लॅपटॉपात कार्ड बोर्डावरच असतं, आणि बोर्ड बदलायचा झाला तर लॅपटॉपच्या निम्म्या किमतीपर्यंत खर्च जातो. साध्याला एवढी गरज नाही. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

१९. जुना लॅपटॉप विंडोज १० वर आहे. नवा घेणं टाळता येईल का?

विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० असेल तर विंडोज ११ फुकट चढवता येतं. अशा यंत्रात हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घाला आणि रॅम १६ करा. ऑफिसच्या कामाला तो आणखी दोन-तीन वर्षं बिनतक्रार चालेल. त्याहून जुना असेल तर त्यात पैसे घालू नका.

२०. मॅकबुक एअर घेतला तर दोन्ही प्रश्न सुटतील का?

बॅटरी, पडदा आणि शांतता यांचे सुटतील. पण सॉलिडवर्क्स, लुमियन, रेव्हिट आणि टॅली थेट मॅकवर चालत नाहीत, व्हॅलोरंटही नाही. लेखन, कोडिंग, फोटो, व्हिडिओ एवढंच काम असेल तर उत्तम. इंजिनीअरिंगच्या मेकॅनिकल-सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या मुलांनी घेऊ नये.

२१. कोणीतरी वापरलेला गेमिंग लॅपटॉप अर्ध्या किमतीत देतो आहे. घेऊ का?

अर्धा तास स्वतः बसून तपासता आला तरच. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढा आणि ‘डिझाइन कपॅसिटी’शी ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ताडून पाहा. सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा. चार्जर मूळ आणि तेवढ्याच वॉटचा आहे का ते पाहा. एखादा जड गेम वीस मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत चौकटी उमटल्या किंवा लॅपटॉप आपोआप बंद झाला तर तिथेच थांबा. पोर्टांत टॉर्च मारा. हिरवटपणा दिसला तर तो लॅपटॉप किनाऱ्यावर राहिलेला असू शकतो, कितीही स्वस्त असला तरी सोडा. मूळ बिल मागा आणि सीरियल क्रमांक त्याच्याशी जुळवा.

२२. नवा लॅपटॉप घरी आला. पहिल्या दिवशी काय तपासायचं?

टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’वर जा. मेमरीत किती जीबी आणि किती जागा भरलेल्या ते दिसतं. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम डाखलेली आहे. ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि त्याची स्वतःची मेमरी बिलाशी जुळवा, गेमिंग असेल तर टीजीपीही पाहा (प्रश्न ९). पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा करून मेलेले ठिपके शोधा. सगळे पोर्ट पेन ड्राइव्ह लावून तपासा. कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल क्रमांक घालून वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू दाखवते ते बघा, आणि ती बिलाच्या आधीची असेल तर त्याच दिवशी बिलाची प्रत पाठवून दुरुस्त करून घ्या. सोबत ऑफिस आलं असेल तर ते तुमच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चढवा, दुकानदाराच्या नव्हे. शेवटी लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच राहणार असेल, तर कंपनीच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.